मेन स्विचपासून माजघरापर्यंत

नायगावच्या बाजारपेठेतल्या जुन्या घरांत फायबरची केबल कशी आत येते, ते एकदा थांबून पाहावं. रस्त्याकडेच्या खांबावरून ती समोरच्या भिंतीवर उतरते, खिडकीच्या चौकटीशेजारी पाडलेल्या भोकातून आत शिरते आणि टीव्हीजवळच्या शोकेसवर किंवा दारावरच्या खिळ्याला अडकवलेल्या पांढऱ्या डब्यात संपते. कनेक्शन द्यायला आलेला मुलगा घाईत असतो. केबल कमी लागावी, भिंत एकदाच फोडावी आणि पुढच्या घरी जावं, असा त्याचा हिशेब. घरातलेही डबा पुढेच लावायला सांगतात, कारण टीव्ही पुढे, पाहुणे पुढे, दुकानाचा हिशेब पुढे. इंटरनेटचा मुक्काम मग ढाळजेत नाहीतर वसरीत पडतो.

आणि त्याच घरात इंटरनेटची सगळ्यात जास्त गरज कोणाला असते? बारावीनंतर नीटसाठी वर्षभर घरी बसून तयारी करणाऱ्या मुलीला. लातूर आणि नांदेड ही या शिकवण्यांची मोठी केंद्रं. ‘लातूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर माहीत आहे. पण रिपीटरचं वर्ष शहरात खोली घेऊन, मेसचा डबा लावून काढणं प्रत्येक घराला झेपत नाही. मग रेकॉर्ड केलेली लेक्चर, सराव परीक्षा, शंका विचारायचे व्हिडिओ कॉल, सगळं घरून. ही मुलगी वसरीत बसून अभ्यास करू शकत नाही. तिथे माणसांची ये-जा, चहा, टीव्ही, भावकीतल्या बैठका. ती माजघरात किंवा स्वयंपाकघरामागच्या खोलीत दार लोटून बसते. तिथे वाय-फायची एखादीच काडी दिसते, तीही टिकत नाही. सराव पेपर अर्ध्यात असताना पडद्यावर गोल फिरायला लागतं. मुलगी उठते, वसरीच्या दाराशी येऊन उभी राहते किंवा मोबाइल घेऊन माळवदावर जाते. हैदराबाद-पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणाऱ्या सुनेचीही तीच गत. घरात इंटरनेट आहे, पैसे दरमहा भरले जातात, आणि ज्यांचं त्यावाचून अडतं त्या मात्र दोन भिंतींपलीकडे आहेत.

इंटरनेटच्या सरकारी योजना अंतर मोजतात ते गावापर्यंतचं. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्कला मान्यता दिली. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू न्यायचा, हे उद्दिष्ट होतं. पुढे २०१५ मध्ये त्याच कामाला ‘भारतनेट’ हे नाव मिळालं. खाजगी कंपन्या आणि केबलवाले यांनी मग खांबांवरून घरोघर फायबर नेला. नायगाव नांदेड–देगलूर रस्त्यावर आहे, कृष्णूरची औद्योगिक वसाहत याच तालुक्यात आहे, तेलंगणाची हद्द जवळ आहे. इथे फायबर येणं ही आता नवलाची गोष्ट नाही. दिल्लीपासून नायगावच्या खांबापर्यंतचं अंतर कापलं गेलं. खांबापासून माजघरापर्यंतचे चाळीस-पन्नास फूट मात्र कोणाच्याच खात्यावर मांडलेले नाहीत. हा लेख त्या अंतराचा आहे.

आधी भिंतीकडे पाहू. मराठवाड्याचं जुनं घर म्हणजे दगड आणि पांढऱ्या मातीच्या दोन-दोन फुटी भिंती, लाकडी खांब आणि तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर: माळवद. बाहेर ऊन भाजून काढत असताना आत गारवा राहतो तो या मातीमुळे. या बांधणीची दुसरी बाजू आपण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिली. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला आणि गणेश विसर्जन आटोपून झोपलेली हजारो माणसं, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाचा भार अंगावर येऊन गेली. त्यानंतर लातूर-नांदेडकडच्या माणसाचा जाड भिंतीवरचा विश्वास उडाला. ज्याला जमेल त्याने पुढचा भाग पाडून सिमेंट-लोखंडाचा केला, वर स्लॅब टाकला. मागचं माजघर, देवघर, बळद असलेली खोली पैशाअभावी किंवा मायेपोटी तशीच राहिली. म्हणून आज नायगावसारख्या गावात एकाच घरात दोन काळ राहतात. पुढे स्लॅब, मागे माळवद.

वाय-फायला दोन्ही अवघड. त्याची नेहमीची लहर २.४ गिगाहर्ट्‌झची, म्हणजे सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची; वेगवान म्हणून जाहिरात होते ती ५ गिगाहर्ट्‌झची लहर याच्या निम्म्याहून लहान. लहर जितकी आखूड, तितकी ती भिंतीत लवकर संपते. दगडमातीची भिंत तिला शोषते. पावसाळ्यात तीच भिंत ओल धरते तेव्हा आणखी शोषते, कारण पाणी या लहरींना गिळतं. स्लॅबमधल्या सळ्या आणि छपराचे पत्रे तिला परतवतात. वाटेत लोखंडी कपाट आणि धान्याची पत्र्याची कोठी असते, ती वेगळीच. डब्यावरच्या चार अँटेना पाहून लोकांना वाटतं की ताकद वाढली. पण नुसता राउटर बोलून भागत नाही, माजघरातल्या मोबाइलचं बोलणंही राउटरपर्यंत पोचावं लागतं, आणि मोबाइलची ताकद तेवढीच असते.

या भिंतीतून एकच गोष्ट आधीच आरपार गेलेली आहे. विजेची तार. माजघरात बल्ब आहे, पंखा आहे, मिक्सरसाठी सॉकेट आहे. मेन स्विचपासून निघालेली तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची जोडी तिथपर्यंत पोचलेली आहे. तिच्यावरूनच इंटरनेट नेलं तर? हे करणारी यंत्रं बाजारात आहेत. त्यांना पॉवरलाइन अडॅप्टर म्हणतात आणि ती जोडीने मिळतात. मोठ्या चार्जरसारखा दिसणारा एक डबा राउटरजवळच्या सॉकेटमध्ये लावायचा आणि छोट्या लॅन केबलने राउटरला जोडायचा. दुसरा डबा माजघरातल्या सॉकेटमध्ये. तिथे लॅपटॉप केबलने जोडा, किंवा डब्यालाच वाय-फाय असेल तर मोबाइलही चालतो. जोडीची किंमत काही हजारांत जाते. भिंत फोडावी लागत नाही.

आतलं काम समजायला सोपं आहे. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. अडॅप्टर तिच्यावर सेकंदाला २० लाखांपासून २ कोटी ८० लाख वेळा थरथरणारा बारीक संदेश चढवतो. दोन्ही एकाच तारेत असतात. त्यांच्या वेगात इतकी तफावत की एकमेकांत मिसळून जात नाहीत. डब्यातला कपॅसिटर ५० हर्ट्‌झच्या संथ विजेला अडवतो आणि वेगवान संदेशाला वाट देतो, त्यामुळे २३० व्होल्ट राउटरपर्यंत येत नाहीत आणि संदेश मात्र तारेवर चढतो-उतरतो.

ही युक्ती आपल्याकडे नवी समजण्याचं कारण नाही. नांदेड किंवा लातूरजवळच्या एखाद्या अतिउच्चदाब उपकेंद्राच्या कुंपणाबाहेरून आत पाहा. मनोऱ्यावरच्या तारा जिथे आत उतरतात, तिथे काही तारांच्या तोंडाशी जाडजूड वेटोळ्याचा एक उभा दंडगोल टांगलेला किंवा बसवलेला दिसतो. तो वेव्ह ट्रॅप. शेजारीच चिनी मातीच्या उंच नळकांड्यात कपॅसिटर असतो. एका उपकेंद्राचा ऑपरेटर दुसऱ्या उपकेंद्राशी त्याच उच्चदाब तारेवरून बोलतो, बिघाड झाला तर संरक्षणाचे संकेत त्याच तारेवरून क्षणात पलीकडे जातात. कपॅसिटर आवाजाला तारेवर चढवतो आणि वेव्ह ट्रॅप त्याला उपकेंद्राच्या यंत्रांत भरकटू देत नाही. या पद्धतीला पीएलसीसी म्हणतात. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या काळात, टेलिफोन मिळायला वर्षानुवर्षं रांग असताना, उपकेंद्रांचं बोलणं विजेच्या तारेवरून चालत असे. २००५ मध्ये मंडळाचं विभाजन झालं आणि हे काम महापारेषणकडे आलं. आता मनोऱ्याच्या सर्वांत वरच्या अर्थिंगच्या तारेच्या पोटातच काचतंतू घातलेले असतात आणि बरंचसं बोलणं तिथून होतं. पण वेव्ह ट्रॅप अजून जागोजागी आहेत. शाळेची सहल उपकेंद्रावर गेली तर मुलांना तो आवर्जून दाखवावा असं मला वाटतं. विजेच्या खात्यातली ती फार देखणी वस्तू आहे.

घराघरांत मात्र ही गोष्ट पोचायला फार वेळ लागला. अमेरिकी लष्करातले अधिकारी जॉर्ज ओवेन स्क्वायर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तारेवरून एकाच वेळी अनेक संदेश नेण्याचं तंत्र काढलं, आणि १९२० च्या दशकात विजेच्या तारांवरून घरोघर संगीत पोचवण्याचे प्रयोगही त्यातून झाले. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने एक्स-१० ही पद्धत आणली. तिने घरातले दिवे त्याच तारेवरून दुरून चालू-बंद करता येऊ लागले. पुढे १९९७ मध्ये इंग्लंडात नॉर्वेब आणि नॉर्टेल या कंपन्यांनी मँचेस्टर भागात वीजवाहिन्यांवरूनच सगळ्या गावाला इंटरनेट द्यायची घोषणा केली. जगभर गाजावाजा झाला. १९९९ मध्ये ते बंद पडलं. उघड्या तारा आणि रस्त्यावरचे दिव्याचे खांब अँटेना होऊन लहरी बाहेर फेकतात, रेडिओच्या कामात अडथळा येतो, हा आक्षेप तेव्हा जोरात होता.

गावभर जे जमलं नाही ते घरापुरतं जमलं. २००० मध्ये कंपन्यांनी होमप्लग अलायन्स स्थापन केली, २००१ मध्ये सेकंदाला १४ मेगाबिटचं पहिलं मानक आलं, २००५ मध्ये २०० मेगाबिटचं होमप्लग एव्ही. २०१० मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने १९०१ हे मानक काढलं. अलायन्सचं काम पुढे थांबलं, पण तंत्र एका अनपेक्षित ठिकाणी जिवंत आहे: विजेवरच्या गाड्यांत. भारतात मोटारींच्या जलद चार्जिंगसाठी रूढ झालेल्या सीसीएस-२ पद्धतीत गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलतात ते केबलमधल्या नियंत्रणाच्या तारेवरून, होमप्लगच्याच ग्रीन फाय या धाकट्या रूपात. हैदराबादला जाताना वाटेत एखादी गाडी चार्जिंगला लावलेली दिसली, तर तिथे हेच चालू असतं.

आता नायगावच्या घरात परत. आमच्या नात्यातल्या एका वाड्यात मी हे अडॅप्टर लावून पाहिले आहेत. पुढच्या स्लॅबच्या खोल्यांत, जिथे नव्याने कन्सील्ड फिटिंग झालेली आहे, तिथे डब्यावरचा दिवा लगेच हिरवा झाला. मधला जिना आणि दोन भिंती ओलांडून वरच्या खोलीत व्हिडिओ न अडता चालला. मागच्या माजघरात लाल. तिथलं फिटिंग लाकडी पट्टीवरचं, जुनं, आणि दर लग्नाला, दर नव्या पंख्याला कुठूनतरी फाटा काढून वाढवलेलं. वायरमनने जिन्याखालची पेटी उघडली. आत ॲल्युमिनियमच्या जुन्या तारेला तांब्याची नवी तार नुसती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली होती, आणि पट्टी काळी पडलेली. ॲल्युमिनियम-तांब्याचा असा सांधा काळाने सैल होतो, गंजतो, तापतो. घर पेटायला एवढं पुरतं. त्याने सांधा कापून नीट कनेक्टर घातला, तेव्हा माजघरातला दिवा पिवळा झाला. म्हणजे कामचलाऊ. लेक्चर अडायचं थांबलं.

मला सांगायचं आहे ते नेमकं इथे आहे. पंखा फिरतो, बल्ब लागतो, म्हणून आपण वायरिंग ठीक समजतो. बल्बला वाईट सांधा चालतो. वेगवान संदेशाला तो चालत नाही. प्रत्येक ढिल्या सांध्यावर, कुठेच न जाणाऱ्या प्रत्येक सोडून दिलेल्या फाट्यावर संदेश आपटून मागे फिरतो आणि स्वतःच्याच पुढच्या तुकड्यांत गोंधळ घालतो. माजघराला जे इंटरनेट मिळत नाही त्याचं कारण पुष्कळदा तेच असतं, ज्यामुळे त्या माजघराला आगीचा आणि झटक्याचा धोका असतो. घरातल्या पैशातून आधी पुढच्या खोल्यांचं फिटिंग होतं. बाई जिथे दिवसभर काम करते तिथली तार सगळ्यात जुनी असते.

तारेवरचा आवाजही समजून घ्यायला हवा. परभणी आकाशवाणीवर शेतीचा कार्यक्रम लागलेला असताना स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला की रेडिओ खरखरायचा, हे मराठवाड्यातल्या निम्म्या घरांनी ऐकलेलं आहे. मिक्सरच्या ब्रशमधल्या ठिणग्या तारेवर सोडतात तीच ही खरखर, आणि अडॅप्टरलाही ती ऐकू येते. घरघंटी, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त चार्जर, हलक्या प्रतीचे एलईडी बल्ब, आता छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर, सगळे आपापली भर घालतात. होमप्लग एव्हीची यंत्रं यावर मोठी हुशारी दाखवतात. ती आपला संदेश नऊशेहून अधिक बारीक वाहक लहरींवर वाटून टाकतात, कोणत्या लहरीवर गोंगाट आहे ते सतत तपासतात आणि तिथे कमी माल पाठवतात. विजेच्या हेलकाव्यात गोंगाट कोणत्या क्षणी वाढतो आणि कोणत्या क्षणी उतरतो, याचंही वेळापत्रक ती ५० हर्ट्‌झच्या तालावर धरतात. हौशी रेडिओवाल्यांच्या पट्ट्या मुद्दाम शांत सोडतात. तरीही शेजारच्या सॉकेटमध्ये लावलेला एक वाईट चार्जर सगळ्यावर पाणी फिरवू शकतो. म्हणून अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट लावावा. एक्स्टेंशन बोर्डात लावू नये, आणि सर्ज प्रोटेक्टर असलेल्या बोर्डात तर नाहीच, कारण तो बोर्ड ज्या वेगवान थरथरीला घातक समजून गाळतो त्यातच आपला संदेश असतो.

फेजचा प्रश्न मोठ्या घरांत येतो. थ्री फेज मीटर असलेल्या घरात वसरी एका फेजवर आणि माजघर दुसऱ्यावर असेल, तर संदेशाला एका तारेवरून दुसरीवर उडी घ्यावी लागते. मेन बोर्डात तारा शेजारून जातात तिथे थोडा झिरपतो, तेवढाच. दोन्ही सॉकेट एका फेजवर घेतले की फरक पडतो. हे काम वायरमनचंच. घरच्यांनी मेन बोर्डात हात घालू नये.

आणि वाटणी. भावाभावांत वाडा वाटला गेला की मधे भिंत येते, मीटर दोन होतात, आणि तरी जुन्या तारेचा एखादा धागा भिंतीखालून तसाच राहिलेला असतो. अडॅप्टरचा संदेश मीटरपाशी बराचसा क्षीण होतो, पण तो घराच्या उंबऱ्याशी आज्ञाधारकपणे थांबतो असं नाही. या यंत्रांत संदेश कुलूपबंद करण्याची १२८ बिटांची व्यवस्था असते. मात्र अनेक यंत्रांना कारखान्यातून एकच ठरलेली किल्ली घातलेली येते. म्हणून लावल्या-लावल्या दोन्ही डब्यांवरचं ‘पेअर’ बटण पाठोपाठ दाबून आपली स्वतंत्र किल्ली करून घ्यावी. हे न करता सोडलेली घरं पुष्कळ असतात.

अर्थिंगबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. नव्या अडॅप्टरना फेज आणि न्यूट्रलबरोबर अर्थिंगची तिसरी तारही संदेश न्यायला वापरता येते. त्याने वेग आणि पोच दोन्ही वाढतात. जुन्या घरांत थ्री-पिन सॉकेटचं वरचं मोठं भोक बहुतेक वेळा नुसतं भोकच असतं. मागे तार नसते. त्या वाड्याच्या माजघरातही नव्हती. भिंतीत करंट उतरतो, कूलरला हात लावला की मुंग्या येतात, नळाला झटका बसतो, या गोष्टी आपल्याकडे पावसाळ्यात सहज बोलल्या जातात, जणू हवामानाचाच भाग. कूलर भरताना आणि ओल्या हाताने मोटर लावताना माणसं मरतात, त्यात बायका आणि लेकरं असतात. ज्या घरात अर्थिंगची तार खरोखर जमिनीत गेलेली आहे आणि मेन बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचं ईएलसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारं यंत्र, आहे, तिथे हा मृत्यू बहुतेक वेळा टळतो. आपली काळी जमीन उन्हाळ्यात सुकून भेगाळते, तेव्हा तिच्यातून वीज वाहणं अवघड होतं. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ घालतात आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओततात. हे पाणी किती घरांत ओतलं जातं, असं मी जिथे जातो तिथे विचारतो. बहुतेकांना खड्डा कुठे आहे हेच आठवत नाही. इंटरनेटच्या निमित्ताने एखाद्या घराने अर्थिंग करून घेतलं, तर अडॅप्टरचे पैसे तिथेच वसूल झाले असं मी म्हणेन, मग नेटचा वेग काहीही येवो.

लाइट गेल्यावर काय? गावठाण फिडरला आता पूर्वीइतकं भारनियमन नाही, पण वारा सुटला की लाइट जाते, फेज जातो, न्यूट्रल तुटतो. राउटरला १२ व्होल्टची छोटी बॅटरी लावून लोकांनी त्याची सोय केली आहे. पॉवरलाइन अडॅप्टरला ती सोय नाही. तो थेट २३० व्होल्टवर चालतो आणि दोन्ही टोकांना वीज लागते. घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनीवर दोन्ही सॉकेट असतील तरी स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लहर इतका गोंगाट करते की नेट रडतखडत चालतं. याशिवाय वीज कडाडणं. मृगाआधीच्या वळवात आपल्या भागात विजा किती पडतात ते सांगायला नको. सर्ज प्रोटेक्टरशिवाय लावलेली ही यंत्रं राउटरला आणि लॅपटॉपला तारेने जोडलेली असतात, म्हणून आभाळ भरून आलं की दोन्ही काढून ठेवावीत.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नये. खोक्यावर ५०० किंवा १००० मेगाबिट लिहिलेलं असतं तो तारेवरचा कमाल सैद्धांतिक वेग, तोही जाण्या-येण्याचा मिळून. प्रत्यक्षात त्याचा लहानसा हिस्सा हाती येतो. ५००-६०० लिहिलेल्या अनेक यंत्रांना केबलची जागा असते ती १०० मेगाबिटची. तिच्यातून त्याहून जास्त निघूच शकत नाही. लेक्चर पाहायला आणि घरून काम करायला १०० चा चौथा हिस्सा स्थिर मिळाला तरी खूप झालं. स्थिर, हा शब्द महत्त्वाचा. दुकानदाराला ‘पसंत न पडल्यास परत’ एवढं कबूल करून घेऊन मगच जोडी न्यावी, कारण कोणत्या घरात चालेल हे लावून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

ब्रिटन-जर्मनीत ही यंत्रं खूप खपली, कारण तिथेही विटांच्या जाड भिंती आहेत, आणि तिथल्या वायरिंगला नियम आहे. आपल्याकडे ती कमी दिसतात. त्याऐवजी लोक मेश वाय-फायचे दोन-तीन डबे घेतात. पातळ भिंतींच्या नव्या घरात ते छान चालतात, माळवदाच्या भिंतीपुढे तेही थकतात. केबल टीव्हीची जुनी काळी तार आतल्या खोलीत गेलेली असेल तर तिच्यावरूनही इंटरनेट नेणारी यंत्रं आहेत. पण सगळ्यांहून चांगला उपाय साधा आहे: राउटरपासून माजघरापर्यंत एक कॅट-सिक्स केबल. शंभर मीटरपर्यंत ती पूर्ण वेगाने चालते, मिक्सरला घाबरत नाही, फेज विचारत नाही. दोन्ही टोकांना आरजे-४५ ची पिन बसवायची आणि माजघरात एक जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावायचा. माळवदाच्या कडेने, पावसापासून आडोसा देत, ती नेता येते. पॉवरलाइन अडॅप्टर तिथे वापरावा जिथे केबल नेताच येत नाही: भाड्याचं घर, वाटणीचा वाद चालू असलेली भिंत, देवघर मोडायची तयारी नसलेलं माजघर. तिथे तो खरोखर उपयोगी आहे.

हे सगळं करणारा माणूस म्हणजे गावातला वायरमन. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. शिकून बाहेर पडलेल्या मुलाला फेज, न्यूट्रल, अर्थिंग कळतं. केबलवाल्याकडच्या मुलाला फायबर जोडणं, पिन मारणं कळतं. घरातल्या इंटरनेटला दोघांचं ज्ञान एकत्र लागतं, आणि घरमालकाला दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलवावं लागतं. एक म्हणतो नेट मागूनच येत नाही, दुसरा म्हणतो वायरिंग माझं नाही. नायगाव, नरसी, बिलोली, देगलूर या पट्ट्यात दोन्ही कामं जाणणारा एक वायरमन प्रत्येक मोठ्या गावात असेल तर त्याला बारमाही काम आहे. सोलर, सीसीटीव्ही, इन्व्हर्टर, नेट, सगळीकडे त्याचीच गरज पडणार आहे.

नवी घरं तर रोज उभी राहत आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपयांचं मूळ अनुदान मिळतं आणि किमान २५ चौरस मीटरचं घर बांधायचं असतं. एवढ्यात लाइटचं फिटिंग बसतं, नेटचा विचार कोणी करत नाही. पदरचे पैसे घालून मोठं घर बांधणारेही करत नाहीत. तो विचार स्लॅबच्या आधी करायचा असतो, सळ्या अंथरून झाल्यावर वायरमन पाइप टाकायला येतो त्या दिवशी. त्याला सांगावं की राउटर बसणार त्या जागेपासून सगळ्यात मागच्या खोलीपर्यंत एक वेगळा मोकळा पाइप टाक, विजेच्या पाइपापासून वीतभर लांब, कोपरे कमीत कमी, आत ओढायची तार सोडून, आणि दोन्ही टोकांना रिकामी पेटी. मागची पेटी जमिनीपासून टेबलाच्या उंचीवर, जिथे मुलीचं अभ्यासाचं टेबल येणार आहे तिथे.